दोन टन वाफ

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.
बुद्धवंदना म्हटली. संकल्प: आजपासून राग बंद.

दुपारी १.
राग आला. सरकीच्या तेलगिरणीत बावीस वर्षं मी बॉयलर सांभाळतो. मालक इंद्रभान शेठ म्हणतात, वाफ पुरत नाही, भंगारात काढू. भंगारात! बॉयलरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलंय, तासाला दोन टन. तपासायला खामगावहून पायल मॅडम आणल्या. माझ्या मुलीच्या वयाची पोर. म्हणते, काका, पाटी तं नवा होता तवाची, आता मोजा लागन. मी म्हटलं, मोजाले काय लागते, दोन टन. हसली. हसण्यासारखं काय होतं?

३ डिसेंबर, बुधवार.
मॅडमची रीत अशी: बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीत येणारं पाणी बंद करायचं, तासभर बॉयलर चालवायचा, टाकी किती उतरली ते बघायचं. जेवढं पाणी आत गेलं तेवढी वाफ. एवढ्यासाठी इंजिनिअर? गावच्या शाळेत हौदाची गणितं गुरुजी मलाच फळ्यावर करायला लावायचे. ती यायच्या आत मीच मोजणार.

४ डिसेंबर, पौर्णिमा. सायं. ६.
उपवास. पाच ते सहा मोजलं. टाकी दोन मीटर बाय सव्वा मीटर. पाणी उतरलं ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे दोन हजार लिटर. दोन टन! कागद सही करून शेठजींच्या टेबलावर ठेवला. राग अजिबात नाही. मॅडमबद्दल थोडा.

५ डिसेंबर, शुक्रवार.
शेठजींनी बोलावलं. वाटलं, सत्कार. म्हणाले, जानराव, प्लँटले लागते दीड टन, थेही पोचत नाही. बॉयलर दोन देते तं बाकीची जाते कुठी? तू खाते काय बे? मशीन चांगलं हाय, म्हंजे चालवणाराच बिघडला. मंगळवारपासून दुसरा माणूस पाहतो.
बावीस वर्षं!

सायं. ५.३०.
तणतणत टाकीमागे गेलो. भिंतीपलीकडच्या नळावर चाळीस हमाल, चाळीस बादल्या, गरम पाण्याची अंघोळ. शालिग्राम साबण लावता लावता म्हणाला, काका, लय उपकार तुमचे, रोज पाचले नंबर लागते आमचा. टाकीला तो नळ मीच बसवला होता, पुण्य म्हणून. बादलीत वीस लिटर. गुणाकार करायचा नव्हता, झाला: आठशे लिटर. बंद करा म्हणून ओरडलो. शालिग्राम म्हणाला, फेस तं धुवू द्या!

८ डिसेंबर, सोमवार.
नळाला कुलूप. मॅडमसमोर पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. बाराशे लिटर. टेप तीनदा लावला. टेपच हलक्या दर्जाचा आहे.
मॅडम म्हणाल्या, काका, एवढं लिहून द्या, नोकरी वाचते तुमची. म्हणजे मी वाचायचं तर बॉयलर भंगारात. खोटं बोलू नये, हे पंचशीलातलं चौथं शील. खरं लिहिणं एवढं महाग पडतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. सही केली. कुलूप लागल्यापासून हमाल माझ्याशी बोलत नाहीत.

१६ मार्च, सोमवार. सकाळी १०.
नवा बॉयलर आज सुरू. वाफ किती ते पडद्यावर आपोआप दिसतं. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. बॉयलरच्या अंगावर हात ठेवला. घरघर, थरथर. डोळे मिटून सगळ्यांसमोर सांगितलं, दोन टन, वर थोडी.
पडद्यावर शून्य होतं.
मॅडम हळूच म्हणाल्या, काका, हे घरघर पंख्याची हाय. आग लावाची हाय अजून.