पंखा बंद, चिन्नू बाहेर

४ फेब्रु., मंगळ.
चिन्नू आली. कॉकाटील. अंग करडं, गाल नारिंगी, डोक्यावर तुरा. लॅबमधली सहकारी परदेशी चालली, तिची. जयनगरहून घरापर्यंत पिंजरा मांडीवर, रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता. पंखांची पिसं कापलेली आहेत, उडता येत नाही. नवी येतील म्हणाली.
मंदारला विचारलं नव्हतं. नोकरी गेल्यापासून नवरा दिवसभर एकटा. घरात काहीतरी हलतंबोलतं असावं, एवढंच. म्हणाला, "मला सांभाळायला आणलीस?" दोघं हसलो. मग तो हसला नाही.

९ फेब्रु., रवि.
खात नाही. कोपरा सोडत नाही. मी हात घातला की फिस्कारते. आज चावली. मंदार नुसता पिंजऱ्याशेजारी बसून मोठ्याने पेपर वाचतो. संध्याकाळी त्याच्या बोटांतून राळ्याचं कणीस घेतलं. त्याच्याच.

१ मार्च, शनि.
घरी आले तर त्याच्या खांद्यावर. मी दिसले की तुरा ताठ. मी आणली, बरं का. पाय नुसते ठणकताहेत. दिवसभर उभं राहून लोकांचं रक्त काढायचं, घरी येऊन पाखराने तोंड फिरवायचं.
मंदारने आरसा झाकलाय, खिडक्यांना जाळी ठोकलीय. नॉनस्टिक तवा माळ्यावर, त्याचा धूर पक्ष्यांना मारतो म्हणे. नवी पिसं फुटलीत. अर्ज किती केलेस, विचारायचं होतं. नाही विचारलं.

१३ मार्च, गुरु.
खुर्चीच्या पाठीवरून त्याच्या हातावर उडी. मग खुर्ची थोडी मागे. परत कणीस, परत हाक. "बघ, येऊन राहिली ती!" आनंदात बोली पार नागपूरला पोचली. किती महिन्यांनी हा आवाज ऐकला.
चिन्नू बाहेर असेल तर पंखा बंद, हा नियम. बेंगळुरू आता पूर्वीचं राहिलं नाही. घामाघूम.

२२ मार्च, शनि.
लिहायला नको वाटतंय.
उकाड्यातून आले, चप्पल काढली, बटण दाबलं. सवयीने. चिन्नू कपाटावर होती, मी वर बघितलंच नाही. पंखा फिरला तशी घाबरून उडाली, भिंतीवर आपटली. पातं लागलं नाही, पण नवं पीस मोडलं. कोवळ्या पिसात रक्त असतं. कापूस दाबून धरायला माझेच हात पुढे झाले, ते तेवढे स्थिर राहिले. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आराम द्या.
मंदार ओरडला असता तर बरं. म्हणाला, "तू दमलेली असतेस." बस्स.

२ एप्रिल, बुध.
त्याला मुलाखतीला बोलावलंय. येलहंकाच्या पलीकडे, रोज ऑफिसला जावं लागेल. मेल वाचून म्हणाला, नको. मी निघालो की ती ओरडते, अजून बावरलेली आहे, बरं वाटू दे तिला.
"तिला की तुला?"
त्याने ताट सरकवलं. जेवण तसंच. मी भांडी आपटली, चिन्नू दचकली. मग हळू ठेवली.

५ एप्रिल, शनि.
सकाळी म्हणाला, "परत तेच विचारतील. मधल्या काळात काय केलंत?" मी म्हटलं, सांग जे केलंस ते. म्हणाला, पक्षी शिकवला म्हणू? मला हसू आलं नाही. हो म्हण, म्हटलं.
नंतर बघते तर शर्टाला इस्त्री करत होता.

१० एप्रिल, गुरु.
मी रजा टाकली. तो सकाळीच गेला. चिन्नू दाराकडे बघून तासभर ओरडली. मी पेपर वाचला तर आणखी ओरडली. मग गप्प. मी फरशीवरच आडवी झाले, डोळे मिटले. कधीतरी पोटावर काहीतरी हलकं. बघते तर ती. मी श्वास धरून पडून राहिले.
दुपारी अख्खा हॉल ओलांडून उडाली. वळणसुद्धा घेतलं. बघायला मी एकटी. जाऊन बसली ती थेट पुढच्या दाराच्या वरच्या कडेवर. कणीस दाखवलं, हात दिला, खुर्चीवर चढले, तर सरकली. दार उघडलं की एक तर पाय चिरडणार, नाही तर जिन्यातून बाहेर.
तेवढ्यात किल्लीचा आवाज. ओरडले, "थांब! उघडू नकोस, ती दारावर आहे!"
किल्ली थांबली. तो तिथेच पायरीवर टेकल्याचा आवाज.
"झाली मुलाखत?"
"झाली."
"मग?"
"आधी ती उतरू दे."
खालच्या रत्नक्का वर आल्या. किल्ली विसरलात का, विचारत होत्या. "इल्ला अक्का, सुम्ने," हा म्हणाला. उगाच बसलोय.
आवाजावरून काही कळत नाही. पंखा बंद, पाठ भिजलीय. मी दाराला टेकून लिहितेय, तो पलीकडून टेकलाय. वर ती पंख साफ करत बसलीय. तिला कसलीच घाई नाही.