कोरियन सिनेमातले ते दोघे

जळगाव, रविवार, १९ एप्रिल १९९८

आज फिल्म क्लबात सुधाकरसोबत कोरियन सिनेमा पाहिला. दोन पुरुष, एकमेकांवर जीव असलेले. एकाने दुसऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि सगळा हॉल हसला. सुधाकरही. मीसुद्धा हसलो. का? त्याला संशय येऊ नये म्हणून, दुसरं काय.

बाहेर त्याने विचारलं, "असं खरंच असतं का रे कुठं?"

"सिनेमा आहे," मी म्हणालो. त्याच्या कपाळावर घाम होता. माझे हात खिशातच राहिले.

असोद्याच्या बसमध्ये चढताना म्हणाला, "भडगावला मुलगी पाहायला जायचंय. आमचे आबा म्हणाले, तुलाही घेऊन यायचं."

येतो म्हणालो. मुलगी चांगली असली तर तसंच सांगावं लागेल. आणि तो माझं ऐकतो.