वेगळा टॉवेल

२ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण मन मोकळं करायला माणूस हवा, आणि ही गोष्ट माणसाला सांगण्यासारखी नाही. जांघेत गजकर्ण. गोल, कडेने लाल. मार्चपासून आहे असं कुणी म्हणेल, पण मी जूनपासून धरतो. त्याआधी नुसती खाज होती.
मेडिकलवाल्या नितेशने ट्यूब दिली. डॉक्टरची गरज नाही म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. इथली स्किनची डॉक्टर बाई आहे. छप्पन्नाव्या वर्षी तिच्यासमोर पॅन्ट सोडायची म्हणजे काय.

५ जुलै, शुक्रवार
डाग फिका. खाज शून्य. नितेश डॉक्टर व्हायचा राहून गेला. ट्यूब बंद, उगाच शरीराला सवय नको.

११ जुलै, गुरुवार
परत आलं. येताना नातेवाईक घेऊन आलं. आता दोन्ही बाजूंना, शिवाय कमरेला पट्ट्याच्या जागी. नितेश म्हणाला, काका, यावेळी स्ट्राँग देतो. ट्यूब कपाटात, जुन्या स्वेटरमागे. रत्नागिरीत स्वेटर कोण काढतो.

१४ जुलै, रविवार
मुलगा सम्यक मुंबईला कंपनीत. सून मनस्वी आणि चार वर्षांची राही आमच्याकडे. आज मनस्वी हळूच म्हणाली, पप्पा, पावसात काय सुकत नाय, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा करूया का? तुमचे कपडेपण वेगळे काढून गरम पाण्यात टाकते.
माझा आवाज चढला. म्हटलं, या घरात 'वेगळं' हा शब्द चालणार नाही. माझ्या आप्पांना गावात चहा वेगळ्या कपातून मिळायचा. कप गोठ्याच्या वळचणीला उपडा असायचा, पिऊन आपणच धुवून ठेवायचा. त्यांच्या मुलाचे कपडे त्याच्याच घरात वेगळे धुतले जाणार नाहीत. एक घर, एक मशीन, पडवीत दोरीवर एक टॉवेल.
बोलता बोलता माझे डोळे भरले. बायकोचे, करुणाचेही. मनस्वी सॉरी म्हणाली. भाषण उत्तम झालं.
नंतर बाथरूममध्ये आठवलं, आप्पांना गजकर्ण नव्हतं.

२१ जुलै, रविवार
आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू. विहारात ग्रंथवाचन माझ्याकडे. पांढरा झब्बा, पांढरा लेंगा, मांडी घालून पाऊण तास. हात ग्रंथावर, लक्ष भलतीकडे. त्याआधी पंचशील घेताना चौथ्याला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, आवाज बसला. विहारातल्या अभय सरांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, भावना दाटून आल्या.

२५ जुलै, गुरुवार
राहीच्या गालावर गोल डाग. मानेवर दुसरा. तिला आंघोळीनंतर त्याच टॉवेलाने पुसतात. मी बघताक्षणी ओळखलं. म्हणालो, डास चावला असेल.

२७ जुलै, शनिवार
बालवाडीच्या बाईंनी राहीला घरी पाठवलं. बरं होईपर्यंत आणू नका म्हणाल्या. करुणा मनस्वीवर घसरली. मे महिन्यात माहेरी लांज्याला गेलीस, तिथे पोर दिवसभर मांजर उराशी धरून फिरत होतं, तिथूनच आणलान. आईचं लक्ष नको?
मी तिथेच होतो, पेपर वाचत. पेपर कालचा होता. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. करुणाने मला विचारलं, काय ओ, मांजरापासून होतं ना? मी म्हणालो, होतं, मी वाचलंय. यात खोटं काहीच नाही. मांजरापासून होतं. या मांजरापासून झालं नाही, इतकंच.


२८ जुलै, रविवार
मनस्वी राहीला घेऊन लांज्याला गेली. बरं होईपर्यंत तिकडेच राहणार. रिक्षापर्यंत दोन्ही बॅगा मी उचलल्या. एक पुरे होती, पण प्रायश्चित्त. राही रिक्षातून म्हणाली, आजोबा, जवळ येऊ नका, माझं तुम्हाला लागेल.
उद्या करुणाला सगळं सांगणार. ठरलं.

२९ जुलै, सोमवार
करुणाचं डोकं दुखत होतं. आजारी माणसाला ताण देऊ नये.

३१ जुलै, बुधवार
विषय काढला. म्हटलं, समज, नवऱ्याने बायकोपासून एखादी गोष्ट लपवली. ती म्हणाली, कोण हाय ती? विषय थांबवला.

२ ऑगस्ट, शुक्रवार
ऑफिसातून, जिन्यात उभा राहून, मनस्वीला फोन केला. म्हटलं, मांजर निर्दोष आहे. आणि सगळं सांगितलं.
ती म्हणाली, पप्पा, मला माहीत हाय. तुमचे कपडे मशीनमध्ये मीच टाकते ना. म्हणून तर टॉवेलचं बोलले होते.
मग मम्मीला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुम्ही आप्पांचं नाव काढलंत. त्यापुढे मी काय बोलणार होते?
आप्पांनी आयुष्यात कुणाच्या मागे लपून काही केलं नाही. मी त्यांच्यामागे लपलो. हे लिहायला सोपं जात नाही.
संध्याकाळी करुणाला सांगितलं. तिने आधी लांज्याला फोन लावला आणि रडत रडत सुनेची माफी मागितली. माझ्याशी बोलणं बंद. मनस्वीची अट एकच. डॉक्टरकडे जा, कोर्स पुरा करा.

५ ऑगस्ट, सोमवार
करुणाने डॉक्टरकडे नेलं. पॅन्ट सोडावी लागली. बाईंनी आंबा पारखावा तसं दोन सेकंद पाहिलं आणि विचारलं, किती दिवस? म्हटलं, पंधरा. करुणा म्हणाली, मार्चपासून.
नितेशच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं. वरून शांत करतं आणि आतून पसरू देतं, म्हणाल्या. आता सहा आठवडे गोळ्या आणि दुसरं मलम. डाग गेला तरी थांबायचं नाही. ओलं काही अंगावर नको. टॉवेल, कपडे वेगळे, गरम पाण्यात, वर इस्त्री. 'वेगळे' म्हणताना करुणाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

१९ ऑगस्ट, सोमवार
डाग गायब. खाज नाही. चौदा दिवसांत. सहा आठवडे हे सर्वसाधारण पेशंटसाठी असणार. माझं शरीर मुळात चटकन ऐकणारं. शिवाय इतक्या गोळ्या लिव्हरला बऱ्या नव्हेत. बंद. करुणा रोज गोळी हातावर ठेवते, ती मी खिशात टाकतो आणि ऑफिसच्या डस्टबिनमध्ये सोडतो.
मनस्वीने फोनवर विचारलं, कोर्स चालू ना? म्हटलं, व्यवस्थित. खोटं नव्हे. कोर्स चालूच आहे, मी त्यात नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार
किंचित खाज. दमट हवा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
हवा नव्हे.

१५ सप्टेंबर, रविवार
मनस्वी आणि राही परत आल्या. राहीचा गाल स्वच्छ. महिनाभर रोज दोन वेळा मलम, एकदाही चुकलं नाही म्हणे. झोंबायचं, तोंड वाकडं करायची, पण लावून घ्यायची. करुणाने खीर केली होती. मनस्वी आत तिला मदत करायला गेली.
राही धावत आली ती थेट मांडीवर बसायला. मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, आत्ता नको. तिने विचारलं, का? माझं तर बरं झालं.
डास म्हणावं असं क्षणभर मनात आलं. ती मान वर करून बघत होती. इतकी लाज मला डॉक्टरसमोरही वाटली नव्हती. सांगितलं, आजोबांना परत झालंय. आजोबांनी औषध अर्धंच घेतलं.
तिने थोडा विचार केला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ठणठणीत आवाजात सांगितलं की आई, आजोबांनी गोळ्या फेकल्या.
फेकल्या, असं मी म्हणालोच नव्हतो. आतला भांड्यांचा आवाज थांबला.
उद्या दहा वाजता पुन्हा डॉक्टर. पहिल्यापासून सहा आठवडे. गोळी गिळल्यावर रोज राहीला तोंड उघडून दाखवायचं, असं घरात ठरलंय. मला कुणी विचारलं नाही.