जिवंतांची चिठ्ठी

११ मे, शनिवार. हानिया

आलो एकदाचे! पिरेयसहून बोट सुटल्यापासून स्तामातिस डेकवर नुसता मिरवत होता, जशी काही बोट त्याच्याच बापाची. चाळीस वर्षं व्होलोसच्या बंदरात दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त केल्या, आता स्वतः ऐटीत बसला. खोली जुन्या बंदरालगत मिळाली आहे. तळलेल्या माशांचा वास थेट उशीपर्यंत येतो. घरमालकीण मारिगो भारी बोलकी. मी शिवणकाम करायचे म्हटल्यावर तिने लगेच उसवलेले पडदे पुढे केले, आणि मीही वेड्यासारखी सुईदोरा शोधायला लागले. स्तामातिस ओरडला, एवांथिया, सुट्टीवर आलीयेस ना तू? ठेव ते!

हा प्रवास खरं तर आमच्या आरेतीचा. हानिया, रोड्स, लार्नाका ही यादी तिनेच केली होती, आम्हा आईबापाला फिरवून आणायचं म्हणून. पोरीला जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिची हाडं कबरीतून वर काढली, मी माझ्या हातांनी वाइनने धुतली आणि पेटीत ठेवली. त्यानंतर घरात बसवेना. म्हणून निघालो.

१२ मे, रविवार

सकाळी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये गेले. स्तामातिस नेहमीसारखा बाहेर, सिगरेट ओढत. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत नावं वाचावीत म्हणून दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक जिवंतांची, एक मृतांची. चष्मा खोलीवर राहिला होता. पाद्रीबाबा खणखणीत आवाजात वाचू लागले. जिवंतांमध्ये आरेती! आणि मृतांमध्ये स्तामातिस! आंधळेपणाने चिठ्ठ्यांची अदलाबदल करून बसले होते मी.

बाहेर येऊन त्याला सांगितलं, तर हसून हसून खोकला लागला त्याला. म्हणाला, झालं ते बरंच झालं, आता मेलेल्या माणसाला भांडी घासायला लावू नकोस. परत आत जाऊन पाद्रीबाबांना सांगावं असं मनात आलं होतं, पण भूक लागली होती. पुढच्या रविवारी नीट लिहून देईन.

१४ मे

दोन कॉफी सांगितल्या, कॉफीवाल्याने एकच आणली. स्तामातिस समोर बसलेला, हात हलवतोय, आणि हा बाबा मला विचारतो, काकू, कुणी यायचंय का अजून? मी म्हटलं, डोळे फुटले का रे तुझे? तो बिचारा ओशाळला, रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं बघत राहिला.

१६ मे

मारिगो जिन्यात भेटली. म्हणाली, तुमची लेक मोठी गोड आहे हो, सकाळी खाली येऊन टॉवेल मागून गेली, केस ओलेचिंब होते. मला लेक नाही म्हणणार होते, त्याऐवजी तडक जिना चढले.

वर येऊन पाहिलं. न्हाणीघरात टॉवेल होता. ओला. त्याला वाइनचा वास येत होता. स्तामातिसला काही सांगितलं नाही. तो दुपारी माझ्याबरोबर जेवला, पण त्याच्या ताटातलं काहीच कमी झालं नव्हतं.

१८ मे, शनिवार. रोड्स

तिला पाहिलं. तटबंदीजवळच्या दगडी गल्लीत आमच्या पुढे चालत होती. मागे वळून म्हणाली, आई, चल ना गं लवकर. मी रस्त्यातच फतकल मारून बसले. तिचे हात उबदार आहेत. स्तामातिसचे गारठलेत.

त्याला ती दिसत नाही. मी दाखवते तिकडे डोळे बारीक करून बघतो आणि विचारतो, कशी दिसते गं? बारीक झालीय का? मी सांगते, आणि तो मान डोलावतो.

१९ मे, रविवार

चर्चमध्ये गेले नाही. पाय दुखत होते असं लिहिणार होते. खोटं आहे. चिठ्ठ्या नीट करून दिल्या असत्या तर ती—

सकाळी तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी वेणी घातली. स्तामातिस म्हणाला, नको जाऊस चर्चमध्ये, एवांथिया, तुझ्याजवळ राहू दे तिला थोडे दिवस, मला काय धाड भरलीय. एक आठवडा, देवा. एकच.

२२ मे. लार्नाका

विमानात एका बाईने त्याच्या जागेवर पिशवी ठेवली. त्याच्या मांडीवरच. तो काही बोलला नाही. की बोलला, आणि मलाच ऐकू—

त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास येतो.

२४ मे

आरेतीला विचारलं, दोघंही राहाल असं काही करता येईल का. रडायला लागली. म्हणाली, मी उठले म्हणून बाबांना जावं लागतंय, आई. मेलेल्यांमधली जागा रिकामी राहत नाही.

२५ मे

तो खुर्चीत आहे. मला फक्त शर्ट दिसतो. बाही उचलली गेली, माझ्या डोक्यावरून हात फिरवायला बहुतेक. पोचली नाही.

एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी एका वेणीपायी—

तो जाईल. ती जाईल. कुणाला सोडू? कशी सोडू? नाही जमत मला—

२६ मे, रविवार. चर्चमध्ये

चिठ्ठ्या दिल्या. दोनदा वाचून दिल्या. या वेळी चूक नाही.

ती पुढच्या रांगेत. तिच्या शेजारी शर्ट.

जिवंतांची वाचतायत. स्तामातिस— आरेती—

त्याने मान वळवली. दिसली! दिसली त्याला! तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून रडतोय वेडा, मोठ्याने, सगळे बघतायत— त्यालाच बघतायत—

माझ्याकडे बघ रे एकदा. नको. तिच्याकडेच बघ.

पाद्रीबाबांनी दुसरी चिठ्ठी उचलली. एकच नाव आहे तिच्यावर. एवां—