तळापर्यंत हात

साकाता, १८ नोव्हेंबर

प्रिय हारुए अक्का,

नमस्कार. समुद्रावरून गार वारं सुरू झालं. ओसरीला मुळे वाळत टांगलेत, पण हिवाळ्याची बातमी मुळ्यांच्या आधी माझ्या गुडघ्यांनीच दिली. कोबेला अजून ऊन असेल. भाओजींचा खोकला कसा आहे? तू पाठवलेली शाल आई मांडीवर घेऊन बसते, पांघरत मात्र नाही. कुणा पाहुणीची आहे, मळेल, म्हणते; तुझी म्हणून सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नाही.

आई जेवते. मध्ये तिने भाताची वाटी ढकलून देणं चालवलं होतं, ते तुला कळवलंच होतं. आता अर्धी वाटी जाते, परवा तर जवळजवळ सगळी गेली. शेजारच्या बाईंनी मुळ्याचं लोणचं दिलं, त्याच्याबरोबर.

त्याचं नाव तुझ्या घरात कोणी घ्यायचं नाही, असं तू लिहिलंस. मीही घेत नाही. त्याला धाकटा भाऊ म्हणायलासुद्धा जीभ रेटत नाही. आईच्या दंडावर चार बोटं उमटली होती, अक्का. त्याच्याकडून इकडे आणल्यावर पहिल्या अंघोळीला मी पाहिली. एकेक बोट वेगळं दिसत होतं, कडेने पिवळं पडत चाललेलं. मी मोरीतच ओकले. शहाऐंशी वर्षांची म्हातारी, अंगावर मूठभर मांस नाही, आणि तिच्यावर हात! अजूनही विंचरायला मी फणी उचलली की ती कोपर वर करून तोंड झाकते. माझ्यापासून! त्या वेळी त्याचे हात माझ्या डोळ्यांपुढे येतात, ते जाडे, बुटके अंगठे.

आमचे सेइजी तुला ठाऊकच आहेत, सगळ्या जगाचे वकील. काल चहा पिता पिता म्हणाले, "अगं, त्याने केलं ते वाईट. म्हणून माणूसच वाईट असं नव्हे."

मी म्हटलं, "असं? मग थप्पड काय एकटीच बसने आली होती? आणि हा बिचारा आत टीव्ही बघत होता?"

"तसं नव्हे गं..."

"मग कसं ते देवळातल्या गुरुजींना विचारून या. आणि येताना टोफू आणा."

टोफू आणला. उत्तर काही आणलं नाही.

जाऊ दे. अक्का, खोटं लिहून मला चैन पडत नाही. लोणचं शेजारणीचं नाही. त्याच्या हातचं आहे.

आईची कोंड्याची बरणी आठवते ना? तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी, त्यात पुरलेले मुळे न् गाजरं. तिच्या आईने तिला लग्नात दिलेली. रोज उघडा हात घालून तळापासून कोंडा वर काढायचा, नाहीतर सडतो. ज्याचा हात त्याची चव, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिच्याने होईना झालं तेव्हापासून त्या बरणीत त्याचा हात आहे. इथे मी दुकानातलं लोणचं आणलं, आईने थुंकून टाकलं. शेजारणीचं आणलं, तेही थुंकून टाकलं. शेवटी सेइजी मला न सांगता गावी गेले आणि सबंध बरणीच घेऊन आले. जुन्या रजईच्या खोळीत गुंडाळलेली, थंडी लागू नये म्हणून! त्यानेच गुंडाळून दिली म्हणे.

आईने पहिला तुकडा चावला, डोळे मिटले आणि त्याचं नाव घेतलं. "आलाय का तो? जेवला का?"

वाटलं, बरणी उचलून अंगणातल्या दगडावर फोडावी. जो हात तिच्या दंडावर उमटला, त्याच हाताची चव ती चघळत होती, आणि मी समोर बसून तिची हनुवटी पुसत होते. किळस म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता ती बरणी मी सांभाळते. हात मात्र घालत नाही. लांब दांड्याच्या चमच्याने वरवर ढवळते आणि झाकण लावून टाकते. झाकणसुद्धा दोन बोटांनी धरते. हसू नकोस.

तुझी,
मित्सुए


साकाता, ९ डिसेंबर

अक्का,

पत्र मिळालं. बरणी समुद्रात टाक, आणि नववर्षाला तो उंबऱ्यावर दिसला तर मी आल्या पावली परत फिरेन, असं लिहिलंस. तुझ्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं, शाई थोडी जास्त वापरून. पण तू पत्र लिहितेस आणि वाटी मी भरवते. हे टोचून बोलत नाही. बरं, थोडं टोचूनच बोलते.

समुद्रात टाकायची वेळ आलीच होती. गेल्या आठवड्यात झाकण उघडलं तर असा वास, की सेइजी दुसऱ्या खोलीतून ओरडले, "काय मेलंय?" वरचा थर करडा पडलेला. आईने तुकडा तोंडात घेतला, बाहेर काढला, वाटीच्या काठावर नीट ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. जेवण पुन्हा बंद. नुसत्या चहावर राहिली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईच्या नाकात नळी!

म्हणून मी फोन केला. हो, त्यालाच. रागाव.

"कोण?"

"मी."

"आईला काही...?"

"आईला काही नाही. बरणीला वास येतोय."

मग म्हणाला, "कसला? थिनरसारखा, की मळक्या पायमोज्यांसारखा?"

"पायमोज्यांसारखा."

"म्हणजे तळाला हात गेलेला नाही. तू चमच्याने ढवळतेस."

अक्का, त्याच्या तोंडून हे ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मला हात घालायला शिकवणार! मी म्हटलं, "फेकून देते."

"सगळं नको फेकूस. वरचं करडं पडलेलं तेवढं काढ. नवा कोंडा घाल, मीठ घाल, मोहरीची पूड घाल. मग हात घाल. तळापर्यंत. तळातलं वर आलं पाहिजे." मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "अजून तोंड झाकते का ती? कोणी हात उचलला की?"

"झाकते."

त्याच्याकडून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही. मी फोन ठेवला. लगेच हात धुतले. फोनला हात लागला होता म्हणून! एवढी मी शहाणी.

आता तुला जे सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकते. वळ मला अंघोळीच्या वेळी कळले, असं मी तुला लिहिलं. पाहिले तेव्हा, पण कळलं होतं आदल्या दिवशीच. त्यानेच फोन केला होता. म्हणाला, "ताई, आईला घेऊन जा. आजच ये. माझा हात उठायला लागलाय. काल उठला, त्याच्या आधीही एकदा उठला होता. उद्याही उठेल." मी म्हटलं, "मला ताई म्हणू नकोस," आणि गाडी काढली. पोचले तेव्हा आईचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं, आणि तो मागच्या शेतात जाऊन उभा होता, पाठ करून. पाऊस लागत होता. छत्री नव्हती. मी हाकसुद्धा मारली नाही.

तुझ्यापासून का लपवलं? कारण हे सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, म्हणजे तो अगदीच वाया गेलेला नाही का? आणि मला तो अगदीच हवा होता. सबंध नासलेला, वरपासून खालपर्यंत. अर्ध्या माणसाची किळस कशी करायची ते मला येत नाही.

तर मग परवा दुपारी बाही वर खोचली. वरचं करडं खरवडून काढलं, कोंडा-मीठ-मोहरी घातली आणि हात घातला. पहिल्यांदा मनगटापर्यंत. वाटलं, त्याचाच हात धरलाय मी. शिसारी येऊन बाहेर काढला. आई बसल्या जागेवरून बघत होती. पुन्हा घातला, पार कोपरापर्यंत. तळातला कोंडा गार आणि घट्ट होता. तो वर आणला, तेव्हा त्यात माझा अंगठा दिसला. जाडा, बुटका. बाबांचा अंगठा, अक्का. तुझा आईसारखा लांब आहे, तू सुटलीस. मला कधी खटकला नव्हता इतकी वर्षं. रात्री आई चौथ्यांदा कपडे काढून टाकते तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन भिंतीवर मूठ आपटते. भिंतच आहे ती. अजून तरी भिंतच आहे.

काल आईने मुळ्याचा तुकडा घेतला. "निराळं लागतंय," म्हणाली. पण गिळला, आणि वर अर्धी वाटी भात.

सोबत त्याला लिहिलेल्या पत्राची नक्कल ठेवली आहे. तुझी परवानगी मागत नाही, मूळ पत्र आज सकाळीच पेटीत टाकलं. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये एवढंच. तू नववर्षाला ये. तेव्हा तो इथे नसेल, हा माझा शब्द.

तुझी,
मित्सुए


इसामु,

तुझं नाव लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

वीस तारखेला दुपारी ये. अक्का नंतर येणार आहे, तिच्या वाटेत येऊ नकोस.

आलास की दाराजवळ बसायचं. हात मांडीवर, तळवे वर, आईला दिसतील असे. एकदम उचलायचे नाहीत. चहाचा पेला घ्यायलासुद्धा हळू. मी खोलीतून हलणार नाही. ती तोंड झाकेल. ते तुला बघावं लागेल, मान खाली घालून चालणार नाही. तिची माफी मागू नकोस. ती विसरली आहे, आणि स्वतःचं ओझं हलकं करायला तिला आठवण करून द्यायची नाही.

मी विसरलेले नाही. तू जे केलंस त्याची मला मरेपर्यंत किळस येणार आहे. त्यातलं चिमूटभरसुद्धा मी कमी करणार नाही, सेइजींनी कितीही वकिली केली तरी.

कोंडा तुमच्या गिरणीतला आण, इथला भरड असतो. बरणीत हात मीच घालणार. तू नुसता बघ आणि चुकलं तर सांग.

आई रोज विचारते, तो जेवला का. मी अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही. तेव्हा येताना जेवून येऊ नकोस.

तुझी
ताई