तुह्या हातची पावडर

१२ एप्रिल, अमरावती

खोटं बोलून राहिला तू. "काही वेगळं नाही केलं" म्हणे. नाही केलं तं मग तुही पावडर पाण्यात विरघळते अन् माही तळाशी जाऊन बसते, ते काहून? औषध तेच, मिथेनॉल तेच, काचेच्या प्लेटा त्याच, ओव्हन तोच. मागच्या उन्हाळ्यात आपण दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांवर बसून हेच करत होतो. दिवाळीनंतर तू अकोल्याले काकाच्या मेडिकलवर जाऊन बसला. अन् मी इथं लॅबमधे तुही नक्कल करून राहिली. जमत नाही.

मॅडम म्हणे, "प्रज्ञा, मला गजाननसारखी बॅच पाहिजे."

मलेही पाहिजे, मॅडम.

१५ एप्रिल

फोन केला. कारण होतं म्हणून केला.

"वाळवलं कसं होतं?"
"तसंच. टेबलावर उघडं, मग ओव्हन."
"ढवळलं किती?"
"प्रज्ञा, एक मिनिट, गिऱ्हाईक हाय." मग कोणाले तरी, "आजी, ही उपाशीपोटी, ही जेवल्यावर. उलटं नका करू, नाहीतर माह्या नावानं बोंबलत यासान." मग मले, "हं, बोल."

काय बोलू. आवाज ऐकायचा होता. तो ऐकून झाला.

१९ एप्रिल

आईचा फोन. "काय करतं वं तू दिवसभर तिथं?" दरवेळी विचारते. दरवेळी सांगते. जंताचं औषध हाय आई, पाण्यात विरघळत नाही. लेकरू गोळी खाते अन् अर्धं औषध तसंच पोटातून निघून जाते. आमी त्याचे बारके खडे मोडतो, डिंकासारख्या एका पदार्थात अडकवतो, मग ते विरघळते. पण ओल लागली की परत खडे धरते.

"तुह्या बापासारखं," आई म्हणे. "सुधरला सुधरला म्हणावं, तं परत तसाच."

बाबा मागून काहीतरी बोलले. दोघं हसत होते.

"मग ओल लागू नोको देऊ," आई म्हणे.

ओल कुठची आई. वऱ्हाडातला एप्रिल हाय. ओठ फाटून रक्त येऊन राहिलं इथं.

२४ एप्रिल

परत तळाशी.

एक गोष्ट लिहून ठेवते, कोणाले सांगायची नाही. बॅच फसली की आतून थोडं बरं वाटते. जमली तं तुले फोन करायचं कारण संपते. अन् नाही जमली तं जूनमधे प्रोजेक्टच संपते, मॅडमनं आज स्पष्ट सांगतलं. म्हणजे दोन्हीकडून

जाऊ दे.

२ मे

कथा लिहायले बसली. नायिका पोस्टात काम करते, तुह्याशी काही संबंध नाही. तिसऱ्या ओळीत तू आला, डोक्याले दुपट्टा गुंडाळून. फाडली. दुसरी सुरू केली, नायकाचं नाव नाही, गाव नाही, तोंडही नाही दिलं त्याले. तरी तूच.

६ मे

लॅबचा एसी मागच्या वर्षीच्या मार्चपासून बंदच हाय. खिडकीजवळच्या चाकावरच्या कूलरवर दिवस काढून राहिलो होतो, आज त्याचाही पंप जळाला. मेकॅनिक म्हणे परवा. मॅडम म्हणे, "घरी जा, तब्येत बिघडेल." गेली नाही. घरी म्हणजे काय, ती पत्र्याची खोली. तुह्यासारखा दुपट्टा बांधला अन् बॅच लावली. प्लेटा उघड्या ठेवल्या. सगळी लॅब भट्टी झाली होती. घाम प्लेटीत पडू नये म्हणून मान मागं करून काम केलं.

८ मे

विरघळली.

गरम पाण्याच्या भांड्यात पातं फिरत होतं, मी पावडर सोडली, नेहमीसारखी खाली बसायची वाट पाह्यली. खाली काहीच आलं नाही. वाकली, काचेले नाक लावून पाह्यलं. नुसतं पाणी.

मॅडम धावत आल्या. "काय वेगळं केलंस?"
"काही नाही."

तुहंच वाक्य तोंडातून निघालं.

९ मे

कूलर.

येडी हो मी. दोन उन्हाळे येडी. कूलर म्हणजे काय, ओल्या गवतातून येणारी हवा. सगळ्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कुठं ओल असेल तं ती कूलरच्या तोंडापुढं, अन् त्या तोंडापुढं माह्या प्लेटा. आमी ओल शोधली आभाळात. तुह्या प्लेटा टेबलाच्या त्या टोकाले, कोरड्या हवेत. म्हणून तुही पावडर टिकली. सोन्याचे हात वगैरे काही नाही, समजलं ना.

पण कूलरचं तोंड माह्याकडं केलं कोणी?

आठवते मले. मी म्हटलं होतं मधात ठेव, दोघांले लागू दे. तू म्हणे, "मले थंडी बाधते."

मे महिन्यात. अमरावतीत. थंडी बाधते म्हणे, अन् मी मानलं.

संध्याकाळपर्यंत तुह्या शर्टाच्या पाठीवर घामाच्या मिठाचे नकाशे उमटायचे. मी चिडवायची, "आज कोणता देश रे गजू?" तू मान वळवून पाहायचा प्रयत्न करायचा अन् म्हणायचा, "तूच सांग, मले दिसत नाही."



१३ मे

नवीन पंप बसला. खात्री करायले एक प्लेट कूलरसमोर, एक त्या टोकाले. समोरची फसली, टोकाची जमली. परत केलं, परत तेच. मॅडम खूश. रिपोर्टात लिहिलं, 'वाळवताना हवेतील आर्द्रता नियंत्रित ठेवावी.' बस, एवढंच.

"गजाननलाही कळव, आनंद होईल त्याला," म्हणे.

फोन हातात घेऊन बसली. कामाचं काहीच उरलं नाही बोलायले. बिनकामाचा फोन आपण कधी केलाच नाही ना रे. तू नाही, मी नाही.

१५ मे

नाही केला.

१७ मे, अकोला

एसटीत बसून लिहून राहिली, स्टँडवरच हाय अजून.

काल आईकडं आली होती, निघताना घरी सांगतलं बाजारातून तशीच स्टँडवर जाते. तुह्या मेडिकलच्या समोरून दोनदा गेली. मग चढली पायऱ्या. तू मागं माल लावत होता, काउंटरवर काका.

"काय पाहिजे?"
"गजाननसोबत लॅबमधे होती मी. प्रज्ञा वानखडे."
"अरे वा, वानखडे. बसा. कोणत्या गावचे?"
"अकोल्याचेच."
"ते झालं. मूळचे?"

इकडं वानखडे आमच्यातही हायेत अन् तुमच्यातही, काकाले तेवढंच पाहायचं होतं. मी आमच्या वस्तीचं नाव सांगतलं. काका "असं, असं" म्हणाले. स्टूल पुढं करत होते, ते तिथंच सोडलं अन् गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापत बसले. वाईट काही बोलले नाहीत. तेच तं.

तू बाहेर आला. बारीक झाला. मिशी ठेवली, चांगली नाही दिसत.

"काय काम काढलं?" तू म्हणे. काकाकडं पाहून म्हणे.

"काम नाही."

तुले समजलं नाही. मग समजलं. कानापर्यंत लाल झाला तू.

"बॅच झाली," मी म्हटलं. "माह्या हातानं झाली. काहून होत नव्हती तेही समजलं, अन् तुले थंडी किती बाधते तेही समजलं. आता तुले विचारायचं काहीच राहिलं नाही गजू. तरी आली मी."

काकाची कात्री थांबली.

तेवढ्यात एका माणसानं चिठ्ठी पुढं केली. तू ती घेतली, उलटी धरली, अन् माह्याकडंच पाहून राहिला. मग काउंटरची फळी वर केली. तोंड उघडलं. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आली होती.

काकासमोर दिलेलं उत्तर मले नोको. हो असेल तरी नोको, नाही असेल तरी नोको. मागं पाह्यलं नाही. तू फळीच्या आत हाय का बाहेर, मले माहीत नाही.

कंडक्टर चढला. अमरावती, अमरावती करून राहिला. बाजूच्या सीटवर मी झोला ठेवला होता, एक बाई विचारून राहिली कोणी येणार हाय का.

उचलते झोला. चालली मी.