आजीचं माहेरचं नाव

अल दुहैल, दोहा
ऑक्टोबर २०२२

ती. नमिताताईस संजीवचा शिरसाष्टांग नमस्कार (समोर असतीस तर मी वाकलो नसतो, हे तुलाही माहीत आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तू रुसलीस, कारण भाचीचं नाव ठेवायचा मान आत्याचा आणि मी परस्पर जाहीर करून टाकलं की आजीचं माहेरचं नाव ठेवायचं. आता आजीला आपण सगळे राधाबाई म्हणूनच ओळखतो, आणि ते तर सासरी ठेवलेलं नाव. माहेरचं कुणालाच ठाऊक नाही. मी मालविकाला ऐटीत म्हटलं, त्यात काय, आपल्या गावच्या वाचनालयानं जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची सूची इंटरनेटवर टाकली आहे, आजीचं माहेरही त्याच गावातलं, दोन मिनिटांचं काम. (घरी बाळ आणि सासूबाई आळीपाळीनं बोलतात, म्हणून मी इथल्या वाचनालयात जाऊन बसतो. वर्ल्ड कपमुळे रस्ते रोज बदलतात. काल नेहमीचं वळण सापडेना आणि थेट उम्म सलालला पोचलो.)

मृत्यूच्या सूचीत आजी चटकन सापडली, पण राधाबाई म्हणूनच. मग जन्माच्या सूचीत तिच्या वडिलांचं नाव टाकलं. तीन नोंदी आल्या आणि मी वाचनालयात जवळजवळ ओरडलोच. पण नावाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी एकच शब्द, 'मुलगी'. नोंद बारशाच्या आधी झालेली, नंतर कोण जातंय नाव सांगायला? ऑफिसातला युसुफ म्हणाला, "खलास भाई, लुसैल रखो, स्टेडियम पे नाम लिखा मिलेगा."

घरी येऊन तावातावानं सांगत होतो, काय ही माणसं, पोरीला साधं नावसुद्धा लावलं नाही. मालविकानं बाळाचा हॉस्पिटलमधला मनगटाचा पट्टा पुढे केला. त्यावर 'बेबी गर्ल' एवढंच, आणि पोरगी महिन्याची झाली. मला फार वाईट वाटलं गं. आजीच्या कानातही तिच्या आत्यानं नाव सांगितलंच असेल, आणि आमच्या पोरीची आत्या माझ्यामुळे नाशिकला रुसून बसलीय.

तुझा आगाऊ भाऊ,
संजू

ता. क. एक नोव्हेंबरपासून मॅचचं कार्ड नसलेल्या पाहुण्यांना इथे येता येणार नाही. त्याआधी ये. नाव तुला हवं ते ठेव, लुसैल सोडून.

ता. क. २. मालविका आत्ता सांगतेय की आजीचं माहेरचं नाव तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तिच्या कुशीत झोपायचीस, तेव्हा तिनंच सांगितलेलं. मी विचारलं नाही म्हणून तू बोलली नाहीस. (तुम्ही दोघी रोज फोनवर बोलता, हेही आजच कळलं.) हे खरं असेल तर मला सांगूच नकोस. पोरीच्या कानात सांग. मी पाळण्याला चिकटून उभा असेन, तेव्हा जरा मोठ्यानं.